सर्वेक्षणाच्या मसुद्यावर सूचना: ऊसतोडीच्या गावानं काय लिहावं, कुठं पाठवावं

बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न असा आहे: "ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची माहिती आम्ही दरसाल भरतो. रकाने असे असतात की खरं उत्तर त्यात बसतच नाही. कुणीतरी सांगितलं, सरकार प्रश्नावली पक्की करायच्या आधी लोकांच्या सूचना मागवतं. खरंच मागवतं का? आमच्यासारखीनं त्यात काय लिहायचं, मराठीत चालतं का, आणि ते कुणी वाचतं का?"

ताई, मागवतं. दर वेळी नाही मागवत, आणि कायद्यानं भाग पाडलंय म्हणूनही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं कुटुंबांच्या उत्पन्नाच्या देशव्यापी सर्वेक्षणाची मसुदा प्रश्नावली संकेतस्थळावर टाकली आणि ३० ऑक्टोबरपर्यंत सूचना पाठवा असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात स्थलांतराच्या सर्वेक्षणाचा मसुदा आला, त्यालाही नोव्हेंबरअखेरची मुदत. दोन्ही विषय तुमच्या तालुक्याच्या अगदी जवळचे. आणि दोन्ही मुदती पडल्या त्या नेमक्या अशा दिवसांत, जेव्हा दिवाळी आटोपून गाव ट्रकमध्ये भांडीकुंडी चढवत असतं. यात कुणाचा डाव नाही. दिल्लीच्या कॅलेंडरात गळीत हंगाम नसतो, एवढंच.

मी बरीच वर्षं अशा सर्वेक्षणांच्या क्षेत्रकामात काढली. आधी अन्वेषक, म्हणजे दारोदार जाऊन प्रश्नावली भरून घेणारा म्हणून, मग पर्यवेक्षक म्हणून बीड, परभणी, लातूरकडची गावं पाहिली. आता संस्थांना मसुद्यांवर सूचना लिहायला मदत करतो. तेव्हा फॉर्म भरून घेणाऱ्याची घाई मला ठाऊक आहे, आणि भरून देणाऱ्याचा वैतागही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सूचना लिहिताना "हा प्रश्न काढा", "हे सर्वेक्षणच नको" यात जोर घालवू नका. सूचनापुस्तिकेतली एक ओळ मागा.

प्रत्येक प्रश्नावलीच्या मागं अन्वेषकांसाठी एक जाडजूड सूचनापुस्तिका असते. कोणाला कुटुंबातला सदस्य धरायचं, कोणतं काम कोणत्या संकेतांकात (कोडमध्ये) टाकायचं, घर बंद असेल तर काय करायचं, हे सगळं त्यात असतं. लोकांना दिसतो तो फक्त प्रश्न. आकडा घडतो तो पुस्तिकेत. मूळ प्रश्न किंवा व्याख्या बदलायची तर आधीच्या फेऱ्यांशी तुलना तुटते, तज्ज्ञांची समिती बसते, आणि बहुधा "पुढच्या फेरीत पाहू" एवढंच उत्तर मिळतं. पुस्तिकेत एक ओळ वाढवायला एवढं लागत नाही. संकेतांकांच्या यादीत एक नवा संकेतांक घालायलाही फार लागत नाही. म्हणून हलण्यासारखी जागा शोधायची आणि तिथंच बोट ठेवायचं.

तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ६४वी फेरी २००७-०८ मध्ये झाली, तिच्यात स्थलांतराचा विषय होता. कामासाठी गेल्या वर्षभरात ३० दिवस किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस अल्पकालीन स्थलांतरित धरला होता. सहा महिने किंवा जास्त सलग एका ठिकाणी राहिला, तर ते त्याचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण. कागदावर हे सरळ आहे. आता ऊसतोडीच्या हंगामाला लावून बघा. दुष्काळाच्या साली ऊस कमी, कारखान्याचा पट्टा फेब्रुवारी-मार्चातच पडतो, म्हणजे गाळप थांबतं. दिवाळीनंतर गेलेलं बिऱ्हाड चार महिन्यांत गावी. ऊस मोप असला की तेच बिऱ्हाड मे उजाडला तरी फडातच. २०२१-२२ चा हंगाम आठवा. मराठवाड्यात जून आला तरी ऊस उभा होता आणि शेतकरी तोड मिळावी म्हणून कारखान्यांचे उंबरे झिजवत होते. म्हणजे तोच नवरा, तीच बायको, तीच कोपी (पाचटाची झोपडी), तोच टोळी नेणारा मुकादम. पण एका साली ते अल्पकालीन स्थलांतरित आणि दुसऱ्या साली व्याख्येनं थेट कोल्हापूरचे किंवा बेळगावचे रहिवासी. सहा महिन्यांची रेघ आपल्या हंगामाच्या बरोबर मधून जाते.

यावर "सहा महिन्यांची अट काढा" असं लिहिलं तर ते बाजूला पडेल, कारण ती अट देशभरातल्या सगळ्या आकड्यांना लागू आहे. त्याऐवजी पुस्तिकेत ओळ मागावी: ऊसतोड, वीटभट्टी अशा हंगामी कामासाठी गेलेलं कुटुंब हंगाम संपल्यावर गावी परतणार असेल, तर अन्वेषकानं कामाचा प्रकार, निघाल्याचा महिना आणि परतण्याचा महिना वेगळा नोंदवावा. व्याख्या जिथल्या तिथं राहते. पण पुढं कुणाला हंगामी मजूर वेगळे मोजायचे असतील तर माहिती हाताशी असते.

याहून मोठी गळती कुलपाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नमुन्यात, म्हणजे माहिती घ्यायला निवडलेल्या मोजक्या घरांत, एखादं घर आलं आणि ते बंद असलं, तर पुन्हा जायचं, तरी कुणी भेटलं नाही तर त्याच्या बदली दुसरं घर घ्यायचं, अशी रीत आहे. घर का बदललं याचं कारण प्रश्नावलीत संकेतांकानं लिहितात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात वर्षानुवर्षं हे संकेतांक असे आहेत: माहिती देणारा कामात गुंतलेला, घरची माणसं बाहेरगावी, सहकार्य नाही, आणि इतर. यातला "घरची माणसं बाहेरगावी" हा संकेतांक पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गेलेल्यांनाही लागतो आणि साखर कारखान्याच्या तळावर पाच महिने राहणाऱ्यांनाही. जानेवारीत धारूर-वडवणीच्या एखाद्या तांड्यावर गेलं तर ओळीनं कुलपं दिसतात. बदली म्हणून मिळतं ते दुकानदाराचं, शिक्षकाचं किंवा बागायतदाराचं घर. स्थलांतर मोजायला निघालेलं सर्वेक्षण अशा गावात स्थलांतर न करणाऱ्यांनाच मोजून परत येतं, आणि त्यात अन्वेषकाची काहीच चूक नसते.

उघड्या घरातही गंमत असते. म्हातारी आणि नातवंडं मागं राहिलेली असतात. म्हातारीला विचारायचं, लेक किती दिवस कामावर होता, किती टन तोडला, काय मिळालं. ती बिचारी अंदाजानं सांगते. तो अंदाज टॅबमध्ये जातो आणि पुढं त्याची टक्केवारी होते.

दुसरं सर्वेक्षण उत्पन्नाचं. त्यात मला सगळ्यात अवघड वाटते ती उचल. पावसाळ्यात मुकादमाकडून कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल मिळते. ती घरदुरुस्तीला, दवाखान्याला, लग्नाला जाते. मग हंगामात टनाच्या दरानं ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. आता ही रक्कम उत्पन्न धरायची की कर्ज? उत्पन्न धरली तर हे घर ऑगस्टात श्रीमंत आणि फेब्रुवारीत कफल्लक दिसेल. कर्ज धरली तर फेडण्यासाठी केलेल्या कामाची मजुरी कुठंतरी उत्पन्न म्हणून यायला हवी, पण हातात रोकड न आल्यामुळं माणूस सांगतो, "काही मिळालं नाही, उचलीत गेलं." आणि तिसरी गोष्ट, हिशेब नवऱ्याच्या नावानं होतो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, कोपीवर स्वयंपाक करते, पण "तुमची स्वतःची मजुरी किती?" या प्रश्नाला तिच्याकडं आकडा नसतो. अन्वेषक तिथं शून्य टाकतो किंवा तिला थेट "घरकाम" या रकान्यात ढकलतो.

इथं मागायची ओळ अशी: आगाऊ उचल घेऊन केलेल्या मजुरीत, संदर्भकाळात (ज्या काळाबद्दल विचारलं जातंय त्यात) जेवढं काम झालं तेवढ्याची मजुरी उत्पन्न धरावी, मग ती रोख मिळालेली असो की उचलीत वळती झालेली. जोडीनं केलेल्या कामाची मजुरी दोघांच्या नावे विभागून लिहावी. फक्त दोन वाक्यं. देशभरातल्या वीटभट्ट्यांनाही हीच ओळ लागू पडते, म्हणून दिल्लीतल्या माणसाला ती बीडची तक्रार वाटणार नाही. आपल्या गावची अडचण देशातल्या आणखी कुणाची आहे का, हे सूचनेत एका वाक्यात दाखवता आलं तर तिचं वजन वाढतं.

(मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये उत्पन्नाच्या प्रश्नांची पूर्वचाचणी घेतली होती, आणि बहुतेकांना हे प्रश्न नाजूक वाटले असं त्यांनीच सांगितलं. वाटणारच. पिवळं रेशनकार्ड जाईल, लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील, ही भीती दाराशी आलेल्या प्रत्येक टॅबला चिकटलेली असते. सर्वेक्षणाची माहिती योजनांच्या यादीला जोडणार नाही, हे वाक्य अन्वेषकानं सुरुवातीलाच वाचून दाखवावं, ही सूचना प्रत्येक मसुद्यावर करण्यासारखी आहे.)

आता तुमच्या स्वतःच्या फॉर्मकडं येऊ. तो यातल्या कशातच बसत नाही. तो राज्याचा, योजनेचा किंवा आरोग्य खात्याचा फॉर्म. तो शासन निर्णयासोबत किंवा वरून आलेल्या पत्रासोबत येतो. त्याचा मसुदा सूचनांसाठी ठेवला जात नाही. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, घरोघर माहिती गोळा झाली. माहिती घेणं गरजेचंच होतं. पण "पिशवी काढली का?" हा प्रश्न कुठं, कुणासमोर विचारला, यावर उत्तर बदलतं. तळावर मुकादमासमोर विचारला तर वेगळं, गावी सासूसमोर विचारला तर वेगळं, आणि भाद्रपदात दुपारी बाई एकटी शेंगा फोडत बसलेली असताना आशाताईनं विचारला तर वेगळं. हे तुम्हाला माहीत आहे, फॉर्म तयार करणाऱ्याला नाही. तुमची सूचना इथंच मोलाची. प्रश्न कोणत्या महिन्यात विचारावा, कुणी विचारावा, सोबत कोण नसावं, शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या शेजारी नाव आणि आधार क्रमांक खरंच लागतो का, की गावाचा आणि वयाचा रकाना पुरे. ही सूचना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लिहा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. शक्य झाल्यास दहा-बारा आशाताईंनी मिळून लिहा. आशा मानसेवी असतात, शासकीय सेवक नाहीत, त्यामुळं नागरिक म्हणून मत पाठवायला तुम्हाला आडकाठी नाही. तरी तालुक्यात उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आधी गटप्रवर्तकांच्या कानावर घाला.

फॉर्म पक्का करायच्या आधी लोकांना विचारण्याबाबत अमेरिकेत एक कायदा आहे. त्याच्याबद्दल सांगतो, कारण त्यातले प्रश्न आपल्याला उसने घेता येतात. १९८० मध्ये झाला, १९९५ मध्ये नव्यानं लिहिला गेला. तिथल्या केंद्रीय खात्याला दहा किंवा अधिक लोकांना एकच प्रश्नावली लावायची असेल, तर आधी राजपत्रात सूचना देऊन ६० दिवस लोकांची मतं घ्यावी लागतात. मग प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या अर्थसंकल्प कार्यालयाकडं जातो, आणि तिथं मतं पाठवायला आणखी ३० दिवस मिळतात. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची, मग पुन्हा हीच फेरी. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर छापलेला नसेल तर तो न भरल्याबद्दल कुणाला दंड करता येत नाही. फॉर्म भरायला देशाचे एकूण किती तास जातील याचा अंदाजही खात्याला द्यावा लागतो. लोकांना विचारलं जातं ते साधारण असं: ही माहिती खात्याच्या कामाला खरंच लागते का, वेळेचा अंदाज बरोबर आहे का, माहिती जास्त अचूक आणि प्रश्न जास्त स्पष्ट कसे होतील, आणि भरणाऱ्याचं ओझं कमी कसं करता येईल. २०२० च्या तिथल्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचं ठरलं होतं. जून २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो अडवला, कारण सरकारनं दिलेलं कारण पटण्यासारखं नव्हतं. प्रश्न विचारायचा अधिकार सरकारला नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. कारण खरं सांगा, एवढंच म्हणालं.

आपल्याकडं असा कायदा नाही. जे आहे ते विखुरलेलं आहे. एखाद्या कायद्याखाली पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याच्या कलम २३ प्रमाणं नियमांचा मसुदा छापून हरकती-सूचना विचारात घ्याव्या लागतात. २०१४ मध्ये केंद्रानं धोरण ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि ते पाळलं न गेल्याची उदाहरणं पुष्कळ. सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या त्यात येतही नाहीत. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, मुदत वाढून ५ मार्चपर्यंत गेली, पण लोकांनी पाठवलेली मतं उघड केली जाणार नाहीत असं आधीच सांगून टाकलं होतं. राज्याच्या फॉर्मबाबत तुमच्या हातात सगळ्यात धारदार काय असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग). लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असं ते सांगतं. पत्रात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा. पत्र वाचणाऱ्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

वेळेबद्दल एक उदाहरण पुरेसं आहे. शेतकरी ओळख क्रमांकासाठी गावोगाव शिबिरं लागली, एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो क्रमांक आवश्यक केला गेला, तेव्हा बटईनं, ठोक्यानं जमीन कसणारे विचारायला लागले, "सातबारावर नाव नाही, आमचं काय?" नवरा गेल्यावर सासऱ्याच्या नावच्या रानात राबणाऱ्या बायांचंही तेच. प्रश्न रास्त होता. पण या सगळ्या रचनेचा चर्चा-मसुदा केंद्राच्या कृषी मंत्रालयानं सूचनांसाठी ठेवला होता तो जून २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना. त्या वेळी काही शेतकरी संघटनांनी आणि अभ्यासकांनी मतं पाठवलीही. गावात मात्र कुणाला पत्ता नव्हता. शिबिर लागतं तेव्हा रकाना ठरून वर्षं उलटलेली असतात. म्हणून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा नजर टाकणारा एखादा पोरगा-पोरगी प्रत्येक संस्थेत असावा. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना हे काम सांगून ठेवा, ते आनंदानं करतात.

जनगणनेचं थोडक्यात सांगतो. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, आणि लोकसंख्या मोजण्याचं काम त्याआधी फेब्रुवारीत. म्हणजे ऐन गाळपात. मागच्या जनगणनांची रीत अशी की मोजणीच्या पूर्ण काळात माणूस गावी नसेल तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. तेव्हा बीडच्या लेकुरवाळ्या कोप्यांवर मोजल्या जातील, जर प्रगणक फडापर्यंत पोचला तर. त्या प्रगणकाकडं त्या गावचा नकाशा असतो, पण उसात मागच्या आठवड्यात उभ्या राहिलेल्या कोप्या नकाशात नसतात. इथं मागायची गोष्ट प्रश्नावलीतली नाहीच. प्रत्येक कारखान्याकडून तोडणी टोळ्यांच्या मुक्कामाची यादी जानेवारीतच घ्यावी आणि तळांना स्वतंत्र प्रगणक द्यावा, ही मागणी कारखाने असलेल्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि मुंबईच्या जनगणना संचालनालयाकडं जायला हवी. बीडमध्ये निवेदन देऊन फोटो काढण्याचा उपयोग नाही, मोजणी इथं होणारच नाही. जाता जाता, १९४८ च्या जनगणना कायद्यात एक जुनी, जपलेली सवलत आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती नाही, आणि रूढीनं जिचं तोंड बांधलंय त्या बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांना माणसं ठाऊक असली की अशी ओळ येते.

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल. भाषा मराठी चालते. संविधानाचं कलम ३५० गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, त्या-त्या ठिकाणी वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क देतं. तरी व्यवहार म्हणून सांगतो, केंद्राला पाठवताना सोबत हिंदी किंवा इंग्रजीत अर्ध्या पानाचा गोषवारा जोडा, नाहीतर पत्र भाषांतराच्या वाटेवर मुदत ओलांडतं. गावात प्रश्न जसा विचारला जातो तो शब्दपाठ मात्र मराठीतच द्या.

कुलपाच्या प्रश्नावर मी अशी सूचना लिहीन:

"विषय: स्थलांतर सर्वेक्षण, कुटुंब बदलण्याच्या कारणाचा संकेतांक. अडचण: नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ऊसतोडीच्या गावांत निवडलेलं घर बंद असल्यास 'घरची माणसं बाहेरगावी' हा एकच संकेतांक लागतो. त्यामुळं काही दिवसांसाठी गेलेली आणि हंगामभर मजुरीला गेलेली कुटुंबं वेगळी ओळखता येत नाहीत. बदल: या संकेतांकाचे दोन भाग करावेत, एक महिन्यापेक्षा कमी काळ आणि एक महिना किंवा जास्त काळ मजुरीसाठी. पुस्तिकेत जोडायची ओळ: शेजाऱ्यांनी तसं सांगितल्यास दुसरा संकेतांक टाकावा आणि परतण्याचा अंदाजे महिना लिहावा. अशा गावांतल्या भेटी शक्यतो जून ते सप्टेंबरात ठेवाव्यात. परिणाम: प्रश्न वाढत नाहीत, वेळ वाढत नाही. स्थलांतराचा आकडा किती दबतो याचा अंदाज मिळतो."

एवढंच. इतिहास नको, "मागासलेला मराठवाडा" नको, शेवटी आंदोलनाचा इशारा तर अजिबात नको. पुरावा म्हणून गावातल्या बंद घरांची मोजदाद द्या, कुणाची नावं देऊ नका. तुमच्याकडच्या भरलेल्या फॉर्मच्या प्रती चुकूनही जोडू नका. ती बायांची माहिती आहे, आणि तुम्हाला ती दुसऱ्या कामासाठी दिलेली आहे.

वाचतात का? एकाच मजकुराची शंभर पत्रं आली तर ती एका नोंदीत जातात, हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा तीन गावांची तीन वेगळी पत्रं बरी. विभाग क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि पर्यायी ओळ असलेलं पत्र वाचलं जातं, कारण टिप्पणी तयार करणाऱ्याला ते थेट तक्त्यात उतरवता येतं. त्याचं काम सोपं झालं की तुमचं अर्धं काम झालं. उत्तर मात्र बहुधा येत नाही. पक्की प्रश्नावली आणि पुस्तिका प्रसिद्ध झाल्यावर आपली ओळ शोधायची, हाच निकाल. सापडली नाही तर माहिती अधिकारात त्या मुद्द्यावरची टिप्पणी मागा.

स्थलांतराच्या सर्वेक्षणाचा काळ जुलै २०२६ ते जून २०२७ असा ठरलेला आहे. केंद्राची सूचनांची मुदत संपली म्हणून हातावर हात ठेवू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही स्वतःचा नमुना घेत आलंय, आणि त्याचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक धरला जातो, म्हणजे बीडचा स्वतःचा आकडा निघायची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त. अन्वेषकांच्या प्रशिक्षणाच्या आधी जिल्हा सांख्यिकी अधिकाऱ्यांना भेटा, वरच्यासारखा एक कागद द्या, आणि कोणत्या गावांत कोणत्या महिन्यांत कुलपं असतात त्याची यादी द्या. ही यादी त्यांच्याकडं नसते. तुमच्या आशांच्या बैठकीत ती अर्ध्या तासात तयार होईल. कागदाची पोच मात्र तिथंच शिक्क्यासह घ्या.